देशाची श्रीमंती आणि मापाची पायली



दिनांक ६ एप्रिल २०१४, वार रविवार. या दिवशीं नायजेरिया देशाच्या संख्याशास्त्र खात्यानें एक आंकडा जाहीर केला. त्याप्रमाणें २०१३ सालचें त्या देशाचें एकंदर उत्पादन ४२.४ लाख कोटी नायरा नसून ८०.२ लाख कोटी नायरा आहे, असें ठरलें. डॉलरच्या हिशेबानें सुमारें २७ हजार कोटींच्या जागीं ५१ हजार कोटी झाले. शनिवारीं रात्रीं आफ्रिका खंडांतील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था म्हणून दक्षिण आफ्रिकेचें नांव घेतलें जात होतें. रविवारीं तो मान नायजेरियाकडे गेला. मधल्या रात्रींत कोठें सोन्याची खाण सांपडली नव्हती, अकस्मात् पिकाचा सुकाळ झाला नव्हता, कीं कोणाच्या घरांतील एक मडकेंही अधिक भरलें नव्हतें. तरीसुद्धां देश जवळजवळ दुप्पट झाला. हा चमत्कार कसा घडला, आणि असे चमत्कार घडले म्हणजे कोणाचें काय होतें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळीं धान्य पायलीनें मोजलें जाई, आणि एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळेलच असा भरंवसा नसे. सबब, अमक्याच्या घरीं शंभर पायल्या जोंधळा आला असें कोणी सांगितलें, कीं शहाणा मनुष्य प्रथम विचारी, "कोठच्या पायलीनें?" राष्ट्रांच्या उत्पन्नाचे आंकडे वर्तमानपत्रांत वाचतांना हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. छापलेला आंकडा दिसला, आणि त्यांत एक दशांशचिन्ह असलें, कीं आपली श्रद्धा बसते.

देशाचें एकंदर उत्पादन म्हणजे वर्षभरांत देशांत जें जें पिकलें, घडलें व बांधलें गेलें, आणि ज्या ज्या सेवा मोल देऊन घेतल्या गेल्या, त्या सर्वांची किंमत. अर्थात् कापडाची किंमत धरतांना सुताची वजा करावयाची, नाहींतर एकच वस्तु दोनदां मोजली जाईल. व्याख्या सोपी आहे. अडचण मोजण्यांत आहे. दरवर्षीं प्रत्येक शेतकऱ्याला, दुकानदाराला व कारागिराला विचारीत फिरणें कोणत्याच सरकारला परवडत नाहीं. म्हणून एखादें वर्ष निवडून त्या वर्षाची कसून पाहणी करितात. शेतीचा वांटा इतका, व्यापाराचा इतका, कारखान्यांचा इतका, असें ठरवितात, आणि पुढील वर्षांचा हिशेब त्या वांटणीच्या आधारानें पुढें चालवितात. या वर्षाला पायाभूत वर्ष म्हणतात. दर पांच वर्षांनीं तें बदलावें असा सर्वसाधारण दंडक आहे. दहा वर्षांच्या मुलाचें माप शिंप्यानें एकदां घेतलें, आणि पुढें मुलाला न पाहतां दरसाल बोटभर कापड वाढवून सदरा शिवीत राहिला, तर तो मुलगा तिशींत आल्यावर सदऱ्याची काय गत होईल ती कल्पनेनेंच पाहावी.

नायजेरियाचा शिंपी १९९० च्या मापावर चालला होता. १९९० सालीं त्या देशांत टेलिफोन म्हणजे सरकारी मक्तेदारीची, अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहावयाची वस्तु होती. २००१ सालीं मोबाइल फोन आले, तेव्हां साऱ्या देशांत पांच लाखांच्या आसपास तारा होत्या. २०१३ पर्यंत फोनांची संख्या बारा कोटींच्या घरांत गेली. जुन्या हिशेबांत या सर्व धंद्याचा वांटा शेंकडा एकाहूनही कमी होता. नव्या हिशेबांत तो शेंकडा ८.७ निघाला. तीच गोष्ट चित्रपटांची. लागोस शहराच्या आसपास थोड्या भांडवलावर, थोड्या दिवसांत चित्रपट तयार करून ते बाजारांत तबकड्यांवर विकण्याचा प्रचंड धंदा उभा राहिला होता. साऱ्या आफ्रिकेंत बायकापोरें ते चित्रपट पाहात होतीं, फक्त सरकारी खतावणींत त्यांना खातें नव्हतें. नव्या मोजणींत उद्योगांचे वर्ग ३३ वरून ४६ करण्यांत आले, आणि शेतीचा वांटा शेंकडा ३५ वरून सुमारें २२ वर आला. शेती घटली नव्हती. तिच्या शेजारीं जें वाढलें होतें तें प्रथमच पानावर उतरलें. माझ्या मतें जुना आंकडा खोटा म्हणतां येत नाहीं. तो शिळा होता. आणि शिळ्या आंकड्यावर चोवीस वर्षें धोरणें ठरत होतीं, ही गोष्ट मला त्या चमत्काराहून अधिक विस्मयाची वाटते.

या बाबतींत घाना देशाची कथा अधिक बोधक आहे. ५ नोव्हेंबर २०१० रोजीं तेथील खात्यानें १९९३ हें पायाभूत वर्ष सोडून २००६ धरलें, आणि देशाचें उत्पादन शेंकडा ६० हून अधिक वाढलें. सुमारें १,३०० कोटी डॉलरांचा व्यवहार तोंपर्यंत हिशेबाबाहेर राहिला होता असें दिसून आलें. जागतिक बँक सर्व देशांची दरडोई उत्पन्नावरून वर्गवारी करिते. त्या वर्गवारींत घाना 'गरीब' या पंक्तींतून उठून 'खालच्या मध्यम' पंक्तींत जाऊन बसला. आक्रा शहरांत माकोला नांवाचा मोठा बाजार आहे व तो मुख्यतः बायका चालवितात. तेथें टोमॅटो आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईला त्या शुक्रवारीं आपण गरिबींतून वर आल्याचा पत्ताही लागला नसेल.

कोणी म्हणेल, "नांव बदललें तर बदललें, बिघडलें काय?" बिघडतें तें असें. अत्यंत गरीब म्हणून गणलेल्या देशांना जागतिक बँकेकडून नाममात्र व्याजाचीं, दीर्घ मुदतीचीं कर्जें मिळतात. देश वरच्या पंक्तींत गेला कीं ही सवलत हळूहळू आटते, मुदती आंखूड होतात आणि व्याज चढतें. दुसरीकडे, देशावरील कर्ज जड कीं हलकें हें उत्पादनाशीं त्याचें प्रमाण पाहून ठरवितात. उत्पादनाचा आंकडा फुगला कीं तेंच कर्ज हलकें दिसूं लागतें, आणि खुल्या बाजारांतील सावकार चढ्या व्याजानें अधिक देण्यास पुढें येतात. परंतु कर्ज फेडावयाचें तें सरकारी तिजोरींत जमा होणाऱ्या करांतून, आणि कर तर एका पैशानेंही वाढलेला नसतो. उलट, त्याच वाढलेल्या उत्पादनाशीं ताडून पाहिल्यास करवसुली पूर्वीपेक्षां तोकडी ठरते, आणि मग बाहेरचे सल्लागार कर वाढवा म्हणून सांगतात. डिसेंबर २०२२ मध्यें घानाच्या सरकारला आपल्या परदेशी कर्जांपैकीं बहुतेकांची फेड थांबवावी लागली. त्या आपत्तीचीं कारणें अनेक होतीं, आणि सर्व दोष २०१० च्या आंकड्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पण पंक्ति बदलणें म्हणजे नुसता बहुमान नव्हे, एवढें त्यावरून ध्यानांत यावें. केनियानेंही २०१४ सालीं असेंच माप बदललें. तेथें वाढ शेंकडा २५ निघाली, आणि तोही देश मध्यम पंक्तींत गेला.

आतां हे आंकडे तयार करणारे हात कोणाचे, तें पाहूं. मॉर्टेन येर्वेन या नॉर्वेच्या अर्थेतिहासकारानें आफ्रिकेंतील अनेक देशांच्या संख्याशास्त्र कचेऱ्यांत स्वतः जाऊन चौकशी केली आणि २०१३ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. झांबिया देशाची राजधानी लुसाका. तेथें २०१० सालीं तो गेला, तेव्हां राष्ट्रीय उत्पन्नाचा सारा हिशेब व्यवहारतः एकटा एक मनुष्य सांभाळीत असल्याचें त्याला आढळलें. देश केवढा, तांब्याच्या खाणी केवढ्या, आणि हिशेबनीस एक! आपल्याकडील एखाद्या मध्यम पेढीवर याहून अधिक कारकून असतात. त्या मनुष्याविषयीं मला आदरच वाटतो. दोष असेल तर तो, मोजण्यावर खर्च करणें म्हणजे चैन समजणाऱ्या सरकारांचा आणि मदत देणाऱ्या श्रीमंत देशांचाही आहे. त्यांना आंकडा वेळेवर हवा असतो. आंकडा घडविणाऱ्याचा पगार मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकांत बसत नाहीं.

दरडोई उत्पन्न काढावयाचें तर डोईंची संख्याही ठाऊक हवी. नायजेरियांत १९६२ ची खानेसुमारी रद्द झाली, १९६३ ची वादग्रस्त ठरली, १९७३ ची पुन्हां रद्द झाली. कारण उघड आहे: विधिमंडळांतील जागा आणि तेलाच्या उत्पन्नांतील वांटा लोकसंख्येवर ठरतो, म्हणून प्रत्येक प्रांताला आपलीं माणसें अधिक दिसावींत असें वाटतें. १९९१ सालीं मोजणी पार पडली आणि लोकसंख्या ८ कोटी ८९ लाख निघाली. ती निरनिराळ्या संस्थांनीं गृहीत धरलेल्या संख्येहून कितीतरी कमी होती. म्हणजे त्या दिवशीं, उत्पादन न वाढतांही, प्रत्येक नायजेरियन कागदावर एकदम श्रीमंत झाला. २००६ सालीं संख्या १४ कोटी भरली. त्यानंतरची खानेसुमारी २०२३ सालीं व्हावयाची होती, ती पुढें ढकलण्यांत आली. वोल्फगांग स्टोल्पर नांवाचा अर्थशास्त्रज्ञ १९६० नंतर या देशाची पहिली योजना आंखण्यास गेला होता; त्यानें त्या अनुभवावर १९६६ सालीं पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवाचाच अर्थ 'वस्तुस्थिति ठाऊक नसतां केलेली योजना' असा आहे.

हा वाद आफ्रिकेंतच उपजला असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापन केलेल्या दादाभाई नौरोजींनीं १८६७-६८ च्या पिकपाण्यावरून हिंदुस्थानचें दरडोई उत्पन्न वीस रुपये काढलें. १९०१ सालीं लॉर्ड कर्झननें तें तीस रुपये सांगितलें, आणि त्याच वर्षीं विल्यम डिग्बीनें अठराच्याही आंत आणलें. एकच देश, एकच वर्ष, आणि दोन पायल्या! कोणाची पायली कोणत्या हातीं होती, हें श्रोत्यांना सांगावयास नको.

येथवर देशांतल्या देशांतली मोजणी झाली. पण नायरा, रँड आणि पौंड यांची तुलना करावयाची तर ते सर्व एका चलनांत आणावे लागतात, आणि येथें हुंडणावळीचा दर आडवा येतो. २०२३ च्या आरंभीं एका डॉलरला सुमारें ४६० नायरा पडत. त्या जूनमध्यें सरकारनें दर बाजारावर सोडला, आणि २०२४ अखेरीस डॉलरला सुमारें १,५०० नायरा पडूं लागले. जुलै २०२५ मध्यें नायजेरियानें पुन्हां पायाभूत वर्ष बदलून २०१९ धरलें, आणि २०२४ चें उत्पादन ३७२.८ लाख कोटी नायरा ठरविलें. म्हणजे २०१३ च्या चौपटीहून अधिक. अर्थात् त्यांत महागाईचा वांटा फार मोठा. आणि डॉलरांत? सुमारें २४ हजार ३०० कोटी. म्हणजे २०१३ च्या निम्म्याहूनही कमी. माप सुधारून आंकडा वर गेला, आणि हुंडणावळीनें तो खालीं ओढला. २०२४ च्या डॉलरांतील यादींत दक्षिण आफ्रिका सुमारें ४० हजार कोटींसह पहिली, ईजिप्त दुसरा, अल्जीरिया तिसरा आणि नायजेरिया चौथा, असा क्रम लागला. इथिओपियानेंही २९ जुलै २०२४ रोजीं आपला बिर्र बाजारावर सोडला. डॉलरला सुमारें ५७ बिर्र पडत, ते त्या वर्षाच्या आंतच शंभरावर गेले. आदिस अबाबाच्या बाजारांत तितकेंच धान्य आणि तितकीच कॉफी होती. पण डॉलरच्या यादींत देश आंखडला.

हा अन्याय टाळण्यासाठीं दुसरी एक रीत आहे. कैरोच्या न्हाव्याला हजामतीचे जे पैसे मिळतात ते लंडनच्या न्हाव्याच्या मानानें अगदींच थोडे असतात, पण डोकें दोन्हीकडे सारखेंच भादरलें जातें. तेव्हां पैसे न पाहतां त्या पैशांत काय मिळतें तें पाहावें, हें या रीतीचें सूत्र. १९६८ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या साह्यानें या कामास आरंभ केला. २०२१ सालच्या फेरींत १७६ देशप्रदेशांतील भाव गोळा करण्यांत आले. या क्रयशक्तीच्या मापानें आफ्रिकेंत ईजिप्त पहिला येतो, नायजेरिया दुसरा, आणि डॉलरच्या यादींत अग्रभागीं असलेली दक्षिण आफ्रिका तिसरी. रीत न्यायाची खरी, पण तींतही पेंच आहेत. इथिओपियाचा मनुष्य टेफ नांवाच्या धान्याची भाकरी खातो. तें धान्य इतरत्र फारसें कोणी खात नाहीं. झांबियाचा मनुष्य मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला नशिमा खातो. या दोघांच्या टोपल्यांत एकच वस्तु कोणती घालून तुलना करावयाची? मी गणित शिकविलें आहे. भिन्न परिमाणांची बेरीज करूं नये असें मुलांना बजावीत असें. येथें ती केल्याविना भागत नाहीं.

आणखी एक लहानसें उदाहरण देतों. विषुववृत्तीय गिनी हा चिमुकला देश आहे. १९९५ नंतर तेथें समुद्रांतून तेल निघूं लागलें, आणि त्याचें दरडोई उत्पादन युरोपांतील कांहीं देशांच्या जोडीला गेलें. तेलाचा मोठा नफा परदेशी कंपन्या आणि मूठभर सत्ताधारी यांच्याकडे गेला. 'देशांत काय निघालें' आणि 'देशवासीयांच्या पदरीं काय पडलें' हे दोन निराळे आंकडे आहेत. पहिलाच छापण्याची चाल पडली आहे.

परंतु या सर्व तक्रारींच्या मुळाशीं जी तक्रार आहे ती यादीची नव्हे, व्याख्येची आहे, आणि ती एका बाईनें फार पूर्वीं उपस्थित केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं लंडन येथें रिचर्ड स्टोन, जेम्स मीड आदि पंडितांनीं राष्ट्रीय उत्पन्न मांडण्याची नवी पद्धति बसविली. ती पद्धति वसाहतींना लागू पडते कीं नाहीं हें पाहण्याचें काम फिलिस डीन नांवाच्या तरुण विदुषीला देण्यांत आलें. प्रथम तिनें इंग्लंडांत बसून, मिळतील त्या सरकारी कागदांवरून उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड या वसाहतींचे तक्ते भरण्याचा यत्न केला. आजचे झांबिया आणि मलावी ते हेच. तांब्याची निर्यात, गोऱ्यांचे पगार, सरकारी खर्च, हे रकाने भरले. परंतु बहुसंख्य लोकांचे रकाने रिकामेच राहिले. मग युद्धानंतर, १९४६-४७ सालीं, ती स्वतः त्या गांवांत गेली.

तेथें तिला आढळलें कीं गांवाचें जगणें बव्हंशीं पैशाच्या बाहेर चालतें. कुटुंब जें पिकवितें तेंच खातें. बायका लांबून पाणी आणतात, रानांतून सरपण गोळा करितात, धान्य कांडतात, बीअर गाळतात, स्वयंपाक करितात. त्यांपैकीं कांहीं वस्तु क्वचित् विकल्या जातात, बहुतेक कधींच नाहींत. विकली ती बीअर मोजावी आणि घरीं प्याली ती मोजूं नये, हें कोणत्या न्यायानें? डीनचें म्हणणें असें पडलें कीं, हीं कामें गाळलीं तर गांवाचें उत्पन्न मोजलें असें म्हणतांच येणार नाहीं. मोजणाराला फक्त गांवांत शिरलेली युरोपची सांवली मोजतां येईल. उलट पक्ष असा कीं, या कामांना बाजारभाव नाहीं, त्यांची किंमत ठरविणें म्हणजे अंदाजावर अंदाज, आणि असा आंकडा इतर देशांच्या आंकड्याशेजारीं ठेवतां येणार नाहीं. उलट पक्षाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, हें मान्य केलें पाहिजे. तुलनेसाठीं एकच पायली हवी, हा त्यांचा हट्ट होता. पायली लहान आहे, ही डीनची तक्रार होती.

१९५३ सालीं स्टोन यांच्या नेतृत्वाखालीं संयुक्त राष्ट्रांची नियमावली प्रसिद्ध झाली. तींत घरीं खाण्यासाठीं पिकविलेलें धान्य धरण्यांत आलें. स्वयंपाक, झाडलोट, मुलांचें व आजाऱ्यांचें संगोपन मात्र वगळण्यांत आलें. १९८४ सालीं स्टोन यांना याच कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. नियमावली त्यानंतर अनेक वेळां सुधारली. १९९३ च्या आवृत्तीनें घरच्यासाठीं दुरून आणलेलें पाणीही उत्पादनांत घेतलें. मार्च २०२५ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्र आयोगानें नवी आवृत्ति मान्य केली. तींत घरांतील बिनमोल कामांचा हिशेब निराळ्या, पूरक तक्त्यांत मांडावा अशी शिफारस आहे. मुख्य आंकड्यांत त्यांना आजही प्रवेश नाहीं.

म्हणजे नियमाप्रमाणें मलावींतील बाईनें नदीवरून आणलेली घागर उत्पादनांत मोडते, आणि त्याच पाण्यांत तिनें शिजविलेलें अन्न मोडत नाहीं. घागर मोजावयाची तर तिच्या दारापर्यंत कोणीतरी गेलें पाहिजे. रोज किती खेपा होतात, नदी किती दूर आहे, बरोबर किती मुली असतात, हें विचारून टिपलें पाहिजे. तें काम संयुक्त राष्ट्रांच्या कचेरींतून होणारें नाहीं. तें त्या त्या देशाच्या संख्याशास्त्र खात्याचें आहे, आणि त्या खात्यांत किती माणसें असतात हें लुसाकाच्या उदाहरणावरून आपण पाहिलेंच आहे.